‘फोर्डचा १९१७ सालचा पाना’: एका स्टारच्या रिव्ह्यूला दुकानाचं उत्तर

नमस्कार. तुमचा रिव्ह्यू वाचला. स्टार किती द्यायचे हा तुमचा प्रश्न. पण तुम्ही लिहिलंय की आजोबांचा फोर्डचा पाना दाखवायला आणला, त्यावर १९१७ साल ढळढळीत दिसत असूनही आम्ही मानलं नाही, तीनशे रुपये घेतले, ‘कोणी घडवला ते सांगता येत नाही’ असं लिहून हातावर ठेवलं आणि साधं पॉलिशही करून दिलं नाही. म्हापशात आमच्याकडे जुनी हत्यारं घेऊन येणारे बरेच जण हे वाचणार, म्हणून इथेच उत्तर देतो.

आधी सालाचं. आकड्याच्या आधी ‘टी’ आहे. काउंटरवर मी पान्यावरून खडू फिरवला, उठावाची अक्षरं पांढरी झाली आणि तो ‘टी’ तुम्ही स्वतः वाचलात. टी-१९१७ हा फोर्डचा पार्ट नंबर आहे, फोर्डच्या मॉडेल टी या गाडीच्या टूलकिटमधल्या स्पार्क प्लग आणि इंजिनाच्या हेडचे बोल्ट खोलायच्या पान्याचा. पाना कुठल्याही साली घडलेला असो, आकडा तोच राहणार. पुढे मॉडेल ए आली, तिच्या पान्यांवर ए-१७०१७ असले नंबर येतात. तुमच्या हिशेबाने ते पाने कुठल्या शतकातले धरायचे?

आता घडवणाऱ्याचं. फोर्ड लिहिलंय म्हणजे फोर्डनेच बनवला, हे ऐकायला बरोबर वाटतं. पण लग्नातल्या भांड्यावर मामाचं नाव असतं म्हणून ते भांडं मामाने ठोकलेलं नसतं. गाडीबरोबर द्यायचे पाने कंपन्या बाहेरच्या फोर्ज शॉपकडून, म्हणजे तापलेलं लोखंड ठोकून घडवणाऱ्या कारखान्यांकडून, घडवून घ्यायच्या. फोर्डला पुरवणाऱ्यांत अमेरिकेतल्या स्प्रिंगफिल्डची मूर ड्रॉप फोर्जिंग ही कंपनी होती. क्लीव्हलंडच्या व्लचेकचाही गाडीवाल्यांना टूलकिट पुरवायचा मोठा धंदा होता. घडवणारा कधी कधी आपली खूण म्हणून एखादंच बारीक अक्षर ठेवायचा. ते सापडलं तर नाव घ्यायला काही आधार मिळतो.

तुमच्या पान्याची मागची बाजू आमच्याकडे यायच्या आधीच ग्राइंडरवर घासलेली होती. टॉर्च आडवी धरून भिंगातून पाहिलं तर चाकाच्या तिरक्या रेघा दिसतात, आणि मानेजवळ एका जागी कशाचा तरी पाय तेवढा उरलाय. तो ‘एम’चा असेल, ‘एच’चा असेल, किंवा फोर्जिंगमधला नुसता फुगवटा असेल. तेवढ्यावरून मी मूरचं नाव लिहून द्यायचं? नुसता गंज असता तर अडचण नव्हती. आपल्या खाऱ्या हवेत गंजलेले पाने रोज येतात. केरोसीनमध्ये बुडवून ठेवायचे, मग दात घासायच्या ब्रशने हलक्या हाताने साफ करायचे, खालचं अक्षर बऱ्याचदा शाबूत निघतं. चाकाने खाल्लेलं लोखंड मात्र परत आणता येत नाही. पॉलिशला नकार दिला तो याचसाठी. उरलासुरला पायही त्यात गेला असता.

आमचा मुलगा उर्मट बोलला म्हणता. त्याने ‘ग्राइंडर कोणी मारला?’ एवढंच विचारलं. ते आम्ही सगळ्यांना विचारतो.

तीनशे रुपयांत काय मिळालं, ते पावतीच्या मागे लिहिलंय, पण रिव्ह्यूत आलं नाही. पाना ओतीव नाही, ड्रॉप फोर्ज केलेला, म्हणजे साच्यात ठोकून घडवलेला आहे, साच्याबाहेर आलेलं लोखंड छाटल्याची रुंद रेघ कडेने दिसते. अक्षरं मागाहून ठोकलेली नाहीत, साच्यातच होती. मापं मिलिमीटरची नाहीत, इंचाच्या हिशेबातल्या सुतांत बसतात. शिक्का यूएसएचा आहे, आणि हे मला गमतीचं वाटलं, कारण खुद्द ब्रिटन सोडता ब्रिटिश साम्राज्यातली फोर्डची विक्री फोर्ड कॅनडाकडे होती; घाटावरून, म्हणजे तेव्हाच्या ब्रिटिश मुलखातून, येणाऱ्या जुन्या फोर्डच्या हत्यारांवर कॅनडाचा शिक्का निघाला तर नवल नाही. गोवा तेव्हा पोर्तुगीजांकडे. म्हणून गाडी थेट मुरगाव बंदरात उतरली असं मी म्हणणार नाही, एक पाना तेवढं सांगत नाही. पण तुमच्या घरी बोलायला विषय आहे.

किमतीचं म्हणाल तर, ज्यांनी तुम्हाला पंचवीस हजार सांगितले त्यांनी त्या भावाला तो घ्यावा, मी आनंदाने गुंडाळून देईन. १९०८ ते १९२७ मध्ये मॉडेल टी दीड कोटीच्या घरात बनल्या आणि त्यांच्याबरोबर टूलकिट जायचं. असले पाने जगभर पडलेले आहेत. ‘फोर्डने १९१७ साली बनवला’ असा कागद तुम्हाला हवा होता. तो दिला असता तर आज इथे पाच स्टार दिसले असते, आणि उद्या तो कागद पाहून पैसे मोजणाऱ्याने माझ्या नावाने खडे फोडले असते.

आजोबा म्हापसा–बेती कारेर (प्रवासी बस) चालवायचे असं तुम्ही म्हणालात. त्या गाडीचा फोटो किंवा एखादा पोर्तुगीज काळातला कागद घरात असेल तर दाखवा, पाना त्याच गाडीचा का, हे बघता येईल. पेटीत आणखी पाने आहेत असंही बोलला होतात. ते आहेत तसे आणा, सँडपेपरसुद्धा लावू नका. एखाद्यावर अक्षर सापडलं तर ते त्या पान्यापुरतं लिहून देतो, वेगळे पैसे घेणार नाही. शुक्रवारी बाजारामुळे दुकानात उभं राहायला जागा नसते, तो दिवस सोडून कधीही या.