६४१ने भाग जातो, काका, पण तो कागदावर बघावा लागतो

काका, तुमची प्रतिक्रिया सकाळी वाचली. बुद्धिबळाच्या पटावरच्या गव्हाच्या दाण्यांचा लेख तुम्हाला पटलेला नाही. पहिल्या घरात एक दाणा, पुढच्या प्रत्येक घरात दुप्पट; ६४ घरांतले एकूण दाणे २च्या ६४व्या घाताहून १ने कमी भरतात, आणि त्या संख्येला ६४१ने भाग जातो, असं मी त्यात लिहिलं होतं. तुम्ही म्हणता, २चा ६४वा घात आणि त्याहून १ने कमी असलेली संख्या मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर अगदी सारख्या दिसतात. मग जी संख्या नीट दिसतही नाही तिला ६४१ने भाग जातो हे मी कशाच्या जोरावर सांगते? आणि तिचा उपयोग तरी काय?

आधी माझी चूक. ‘कॅल्क्युलेटरवर पडताळून पाहा’ असं मी लिहायला नको होतं; ती ओळ काढली आहे. तुमचा कॅल्क्युलेटर पंधरा-सोळा अंक धरतो, पुढचे सोडून देतो. ही संख्या वीस अंकी आहे: १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५. एकं-दहं करत जुन्या मोजणीने गेलात तर १८४ परार्धांच्याही वर. रावपुऱ्यातल्या पेढीवर तुम्ही वर्षानुवर्षं खतावणी लिहिलीत. शेवटचे चार आकडे गाळून मेळ बसला, हे तुम्ही कधी मान्य केलं नसतं.

आता ६४१. त्याच्या आधीचा ६४० म्हणजे ५ गुणिले २चा ७वा घात. ६४०च्या चौथ्या घातातून १ वजा केला की उरलेल्याला ६४१ने भाग जातो, कारण ‘क्षचा चौथा घात वजा १’ याचा ‘क्ष अधिक १’ हा अवयव असतो. ही पहिली संख्या: ५चा चौथा घात गुणिले २चा २८वा घात, वजा १.

पण ६४१ म्हणजे ६२५ अधिक १६सुद्धा, म्हणजे ५चा चौथा घात अधिक २चा चौथा घात. त्याला २च्या २८व्या घाताने गुणा. ही दुसरी संख्या, आणि तिलाही ६४१ने भाग जाणारच. दुसरीतून पहिली वजा करा. मोठा गुणाकार दोन्हीकडून उडतो आणि उरतो फक्त २चा ३२वा घात अधिक १! एवढा राक्षसी गुणाकार न करताच भाग जातो हे कळतं. वर्गात हे फळ्यावर मांडताना मला आजही तितकाच आनंद होतो.

दाण्यांची संख्या म्हणजे ही ‘२चा ३२वा घात अधिक १’, गुणिले ‘२चा ३२वा घात वजा १’; म्हणून तिलाही ६४१ने भाग जातो. तिचे सगळे मूळ अवयव ३, ५, १७, २५७, ६४१, ६५,५३७ आणि ६७,००,४१७. ३, ५, १७, २५७, ६५,५३७ या ओळीत (संख्येतून १ वजा करा, वर्ग करा, १ मिळवा, की पुढची) पुढे येणारी प्रत्येक संख्या मूळच असेल असं गणिती फर्माला वाटत होतं. लगेच पुढची, म्हणजे आपली २चा ३२वा घात अधिक १, ६४१ने फुटते हे गणिती ऑयलरने १७३२ साली दाखवलं. आणि यातल्याच १७वरून, १७ समान बाजूंची आकृती पट्टी-कंपासने काढता येते हे गणिती गाउसने १७९६मध्ये सिद्ध केलं.

उपयोग विचारलात, तर संगणकाच्या ६४ बिटांत, म्हणजे ० किंवा १च्या ६४ जागांत, मावणारी सगळ्यांत मोठी पूर्ण संख्या म्हणजे ही दाण्यांचीच. पण मी लेख त्यासाठी लिहिला नव्हता.

वहीच्या कोपऱ्यात ६७,००,४१७ गुणिले ६४१ करून पाहा. ४,२९,४९,६७,२९७, म्हणजे २चा ३२वा घात अधिक १, आलं नाही तर मला जरूर कळवा.