रविवारचं नाशिक बघून फ्लॅट बुक करणाऱ्यांनो

या महिन्यातला हा तिसरा फोन. पहिला ठाण्याच्या जुन्या मित्राचा, दुसरा बायकोच्या आत्येबहिणीचा आणि काल रात्री साडेदहाला डोंबिवलीहून माझ्या मावसभावाचा. तिघांचं वाक्य तेच. "काय हवा आहे रे तुमच्याकडे! आमचं ठरलंय, नाशिकलाच शिफ्ट व्हायचं."

हा गृहस्थ शनिवारी दुपारी दोनला आला होता. संध्याकाळी सोमेश्वरचा धबधबा, रात्री गंगापूर रोडला जेवण, रविवारी सकाळी मळ्यातल्या झाडाखाली मिसळ, वर जिलबी, मग एका साइटवर सँपल फ्लॅट, आणि चार वाजता गाडी परत डोंबिवलीच्या दिशेला. सव्वीस तास. सव्वीस तासांच्या ओळखीवर माणूस कुणाला छत्री उसनी देत नाही, आणि हा वीस वर्षांचं कर्ज काढायला निघालाय.

मी चिडलो. फोनवर नाही, फोनवर दोन-चार प्रश्न विचारले आणि शेवटी "बघू, बोलू" म्हणालो. आता इथे चिडतो.

कारण मीही असाच आलो होतो, 2017 मध्ये. माझाही रविवारच होता, मलाही हवाच लागली होती. "इथून सगळं पंधरा मिनिटांवर आहे," हे मलाही साइटवरच्या त्या टाय लावलेल्या पोराने सांगितलं होतं. पंधरा मिनिटं! रविवारी सकाळी साडेसातला पंधरा मिनिटांत मीसुद्धा कुठेही पोचतो.

आमचं घर वडाळा-पाथर्डी रस्त्याला, ऑफिस शरणपूर रोडला. अंतर सात-आठ किलोमीटर. मधे महामार्ग. म्हणजे शहराच्या बरोबर पोटातून मुंबई-आग्रा महामार्ग गेलाय, वर लांबलचक उड्डाणपूल, आणि खालून इकडचं तिकडे जायला बोगदे. इंदिरानगरचा बोगदा म्हटलं की कुठल्याही नाशिककराच्या कपाळावर आठी येते. चारही बाजूंनी माणसं एका भोकात शिरायला बघतात. दुचाकीवाला उलट्या बाजूने, रिक्षावाला तिरका, स्कूल व्हॅन मधोमध, आणि एक महाशय हमखास यू-टर्न घेणारे. कधी हा रस्ता एकेरी करतात, कधी बंद करतात, कधी पुन्हा उघडतात; सकाळी निघताना काल काय होतं यावर विसंबायचं नाही. शाळा सुरू झाली की पाऊण तास. पाऊस असेल तर बोलायचं नाही. डोंबिवलीत निदान लोकल उशिरा आली तर इंडिकेटरवर कळतं तरी.

तुम्ही म्हणाल, बोगदा चुकवून जा. कुठून? मुंबई नाक्यावरून? का द्वारकेवरून? द्वारका चौकात मुंबईचा रस्ता, धुळ्याचा रस्ता, नाशिक रोडवरून पुण्याला जाणारा रस्ता आणि गावात शिरणारा रस्ता सगळे एकमेकांच्या मांडीवर येऊन बसलेत. या चौकाचं काय करायचं यावर मी आल्यापासून चर्चाच ऐकतोय. सर्कल ठेवा, सर्कल काढा, भुयारी करा, वरून न्या. चौक आहे तिथेच आहे.

आणि मेट्रो? 2021 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात नाशिकच्या मेट्रोसाठी 2,092 कोटी रुपये जाहीर झाले. रबरी टायरवर धावणारी, निओ का काय ती. त्या दिवशी आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर पेढ्यांचे फोटो फिरले. बिल्डरांनी तर होर्डिंगवर "प्रस्तावित मेट्रो स्टेशनपासून पाच मिनिटे" असं छापूनही टाकलं. आज त्या मेट्रोचा एक खांब मला दाखवा, मिसळ माझ्याकडून. प्रस्तावित हा शब्द ज्याने शोधला त्याचा पुतळा या शहरातल्या प्रत्येक साइटसमोर बसवायला हवा. प्रस्तावित रिंग रोड, प्रस्तावित गार्डन, प्रस्तावित डी.पी. रोड, म्हणजे शहराच्या विकास आराखड्यातला रस्ता. आमचा डी.पी. रोड म्हणजे बिल्डिंगसमोरचं कुणाचं तरी द्राक्षाचं वावर होतं. आता द्राक्षंही नाहीत, रोडही नाही, बाभळी आहेत.

बरं, रिक्षा करावी तर मीटर नावाची वस्तू इथे रिक्षात शोभेला असते. "कॉलेज रोड?" "दोनशे." "मीटर?" तो असा बघतो, जणू मी त्याच्याकडे त्याची जन्मपत्रिका मागितली. शेअर रिक्षात बसा, ड्रायव्हरच्या मांडीला मांडी लावून. महापालिकेच्या सिटीलिंकच्या बसा 2021 पासून धावतात, आणि बऱ्या आहेत, खोटं का बोलू; पण आमच्या बाजूला एक चुकली की दुसरी कधी, हे पत्ते पिसून सांगावं लागतं.

पाण्याचं बोललो की मावसभाऊ हसतो. "अरे, धरणांचा जिल्हा तुमचा!" हो ना. गंगापूर धरण गोदावरीवर, आमच्या उशाशीच म्हणा ना. दारणा आहे, मुकणे आहे. आणि माझ्या मेंटेनन्सच्या पावतीवर टँकरची वेगळी ओळ आहे. धरणात पाणी असणं आणि नळाला पाणी असणं यांच्यात पाइपलाइन लागते, जलकुंभ लागतो, दाब लागतो. आणि शहर जिथे नवं वाढतंय, पाथर्डी, मखमलाबाद, म्हसरूळ, आडगाव, तिथे बिल्डिंगा आधी उगवतात आणि पाइप मागाहून येतो. शिवाय धरणातलं सगळं पाणी आपलंच असतं हाही बाहेरच्यांचा गैरसमज. ऑक्टोबरच्या मध्याला गोदावरीवरच्याच खालच्या जायकवाडी धरणात 65 टक्के साठा नसेल तर वरच्या धरणांतून खाली पाणी सोडावं लागतं, आणि त्यांनाही ते हवंच, मराठवाड्याच्या घशाला कोरड पडली असताना मी कोण बोलणार. पण मग तुमच्या ब्रोशरवरचं ते "24 तास पाणी" कुठल्या हिशेबाने छापता, एवढं सांगा.

मे महिन्यात आमच्याकडे टँकर रात्री दीडला येतो. पंपाचा आवाज चालू झाला की मी गच्चीवर, शेजारचे जोशीकाका खाली, टाकीत किती पडलं ते फोनवर एकमेकांना सांगत. असे आम्ही दोन पदवीधर पुरुष.

आणि ज्या हवेवर सगळे भाळतात, ती हवा. डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा घसरल्याची बातमी पेपरात आली की मुंबईकरांना नाशिक आठवतं. एप्रिलमध्ये इथे पारा चाळिशी गाठतो तेव्हा एकजण फोन करत नाही. सँपल फ्लॅटमध्ये एसी होता, हे त्यांच्या लक्षातच राहत नाही.

आता फ्लॅटचंच घ्या. इथे काही वर्षांपूर्वी कपाट प्रकरण म्हणून एक प्रकार झाला, नव्या माणसाला सांगितलं तर त्याला थट्टा वाटते. बिल्डिंगच्या नकाशात कपाट म्हणून जी जागा एफएसआयमधून, म्हणजे बांधकामाच्या परवानगीच्या मापातून, सूट घेऊन दाखवली होती, ती प्रत्यक्षात खोल्यांमध्ये घेऊन टाकलेली. मग नियमावर बोट ठेवलं गेलं आणि हजारो फ्लॅटांचे पूर्णत्वाचे दाखले अडकले. लोक राहतायत, हप्ते भरतायत, आणि कागदावर बिल्डिंग पूर्णच नाही. कपाटामुळे! माझ्या ओळखीच्या एकाला घर विकायचं होतं, गिऱ्हाईकाच्या बँकेने दाखला मागितला आणि व्यवहार बोंबलला. त्यामुळे मावसभावाला मी पहिला प्रश्न हाच विचारला, "भोगवटा प्रमाणपत्र बघितलंस का?" तर म्हणतो, "क्लब हाउस मस्त आहे रे."

दुसरा प्रश्न पूररेषेचा. त्याला एक फ्लॅट "रिव्हर व्ह्यू" दाखवलाय. गोदावरी काय आहे हे माहीत आहे का त्याला? रामकुंडाजवळ दुतोंड्या मारुती उभा आहे. पाणी त्याच्या कमरेला लागलं, छातीला लागलं, गळ्याशी आलं, यावर आम्ही पूर मोजतो. आकडे नंतर येतात. 2008, 2016, 2019, तिन्ही वेळा नदीने गावात येऊन दाखवलं. सराफ बाजारात तर मोठा पूर यायचीही गरज नसते, जोराची सर आली तरी नाला दुकानात शिरतो. 2008 नंतर निळ्या आणि लाल पूररेषा आखल्या. त्या रेषा नकाशावर असतात, ब्रोशरवर नसतात. उन्हाळ्यात याच रिव्हर व्ह्यूमधून काय दिसतं? पाणवेलींचं हिरवंगार मैदान. पाहुण्यांना लॉन वाटते.

नोकरीचं तर विचारूच नका, पण त्याने विचारलं. "आयटी पार्क येतोय ना?" येतोय, येतोय. मी आल्यापासून येतोय. सातपूर-अंबडच्या कारखान्यांनी, ओझरच्या एचएएलच्या विमान कारखान्याने, नाशिक रोडच्या नोटांच्या प्रेसने इथल्या दोन पिढ्या पोसल्या, ते खरं आणि त्याबद्दल आदरच आहे. पण आजचं काय? गावात इंजिनिअरिंग कॉलेजं ढिगाने, आणि पोरं डिग्री हातात पडली की बॅग भरून हिंजवडीला. दिवाळीत त्यांच्या गाड्यांनी पार्किंग भरतं, भाऊबीज झाली की सोसायटीत उरतात ते आईवडील. मी मुंबईचा पगार सोडून आलो तेव्हा इथल्या साहेबांनी मला काय सांगितलं माहितीये? "इथे खर्च कमी असतो ना." खर्च कमी! शाळेची फी मुंबईला लाजवेल अशी, फ्लॅटचे भाव दर गुढीपाडव्याला वाढीव, कांदा लासलगावहून मुंबईला जाऊन परत आल्यासारखा महाग. भाव महानगराचे आणि पगार मात्र तालुक्याचा, ही कुठली रीत?

"मग मी येऊन-जाऊन करीन," हे त्याचं पुढचं. ऐका. स्टेशनचं नाव नाशिक रोड आहे, नाशिक नाही. ते गावापासून आठ-दहा किलोमीटरवर आहे, तिथे पोचायला पुन्हा तीच द्वारका. लोकल कसाऱ्यापर्यंत येते, घाटाच्या वर येत नाही. लोकल नाशिकपर्यंत आणा ही मागणी करून करून लोक रिटायर झाले. पंचवटी एक्स्प्रेस 1975 पासून धावते. तिच्यातले पासवाले खरे योगी, पहाटे उठून, रात्री परतून, डब्यात पत्ते कुटत अर्धं आयुष्य काढलेले. त्यांना विचार मुलं कधी मोठी झाली. रस्त्याने म्हणशील तर समृद्धी महामार्ग झाला, 2025 च्या जूनमध्ये शेवटचा इगतपुरीचा टप्पाही खुला झाला, झकास आहे. त्या झकास रस्त्यावरून उतरलं की पुढे भिवंडी-ठाण्याच्या रांगेत झकास उभं राहायचं.

आणि तो सुवर्ण त्रिकोण! मुंबई-पुणे-नाशिक, विकासाचा सुवर्ण त्रिकोण. शाळेत शिकलोय, त्रिकोणाला तीन बाजू असतात. नाशिक-पुणे ही बाजू रेल्वेने जोडलेलीच नाही. थेट लोहमार्ग नाही. सेमी हायस्पीड होणार होती, मग नारायणगावजवळच्या जीएमआरटी दुर्बिणीला अडथळा नको म्हणून मार्गच बदलायचं ठरलं. तोवर सिन्नर, संगमनेर, आळेफाटा करत जायचं आणि चाकणला इंजिन बंद करून बसायचं.

सध्या त्यात कुंभमेळा. सिंह राशीत गुरू येतो, आमच्या रस्त्यांवर जेसीबी येतात. 31 ऑक्टोबर 2026 ला ध्वजारोहण, 2027 मध्ये पर्वण्या, म्हणजे स्नानाचे मुख्य दिवस, त्याआधी सगळं शहर खोदून घ्यायचं असा संकल्प दिसतो. कुंभ आमचा आहे, त्याला नावं ठेवली तर आजी स्वप्नात येऊन कान धरेल. पण तपोवनातली झाडं साधुग्रामसाठी, म्हणजे साधूंच्या मुक्कामाच्या वसाहतीसाठी, तोडायची निघाली तेव्हा, 2025 च्या हिवाळ्यात, लोक रस्त्यावर उतरले, ते उगाच नाही. हीच झाडं बघून तुम्ही "काय हवा आहे" म्हणता ना? गंगापूर रोडला एकेक वड कापला गेला तेव्हा कुठे होतात?

बिबट्याचं राहिलंच. तो उसातून थेट कॉलनीत येतो. गंगापूर रोड, इंदिरानगर, नाशिक रोड, त्याला पिन कोडचं बंधन नाही. तो दिसल्याचा मेसेज फिरला की संध्याकाळी पोरं खाली खेळायला सोडत नाही आम्ही. ब्रोशरमध्ये याला "निसर्गाच्या सान्निध्यात" म्हणतात.

माझा राग शहरावर आहे का? नाही हो. 2001 च्या जनगणनेत इथे पावणेअकरा लाख माणसं होती, 2011 मध्ये 14.86 लाख, आणि त्यानंतर कुणी मोजलंच नाही, नुसती येतायत. त्यांत मी एक. माझ्यामुळेही त्या बोगद्यात एक गाडी वाढली, हे मला कळतं. राग येतो तो "निवांत शहर, निवांत शहर" म्हणून गिऱ्हाईक ओढणाऱ्यांचा, आणि त्या निवांतपणाचे पैसे मोजून, आल्या आल्या दोन गाड्या घेऊन, वर आम्हालाच "ट्रॅफिक फार वाढलंय रे इथे" म्हणणाऱ्यांचा.

तर भावा, टोकन देऊ नकोस इतक्यात. पुन्हा ये. पण रविवारी नको. मे महिन्यात ये, मंगळवारी, संध्याकाळी साडेसहाला, स्वतःची गाडी घेऊन, बोगद्यातून. जेवायला थांबतो आम्ही तुझ्यासाठी, नऊपर्यंत पोचशील. आणि गेटपाशी टँकर उभा असला तर गाडी आत घालू नकोस, त्याला वळायला जागा लागते.