एजिंगमध्ये गेलेला माणूस

एका संस्थेकडे माझ्या कामाचे बिल दीर्घकाळ अडकून पडले होते. चौकशीसाठी फोन केला असता लेखा विभागातल्या बाई अत्यंत सौजन्याने म्हणाल्या, "सर, तुमचं एजिंगमध्ये गेलंय." ही गोष्ट त्यांना फोनवरून कशी समजली याचे मला क्षणभर आश्चर्य वाटले, कारण माझे केस, गुडघे आणि चष्मा यांपैकी काहीही त्यांना दिसत नव्हते. पुढच्या वाक्यात त्या बिलाविषयी बोलत असल्याचा खुलासा झाला. तरीही फोन ठेवल्यावर मन खट्टू झालेच. मी स्वतःच्या हाताने जन्माला घातलेले ते बिल माझ्या आधी म्हातारे झाले होते.

हिशेबाच्या जगात प्रत्येक येण्याला वय असते हे त्यानंतर मला नीट कळले. बिल दिले की त्याची घटिका सुरू होते आणि मग त्याला वयानुसार रकान्यांत बसवले जाते: 30 दिवसांपर्यंतची बिले, 31 ते 60 दिवसांची, 61 ते 90 दिवसांची आणि 90 च्या पुढची. पहिल्या रकान्यातल्या बिलाची कोणाला काळजी नसते. दुसऱ्या रकान्यात गेले की आठवण करून देणारे पत्र जाते, तिसऱ्यात गेले की पत्राचा सूर बदलतो, आणि चौथ्या रकान्यातल्या रकमेविषयी लेखापाल अतिदक्षता विभागाबाहेर बसलेल्या नातेवाइकांच्या आवाजात बोलू लागतात. वय जितके जास्त, तितकी रक्कम बुडण्याची शक्यता अधिक, असे मानून ते आपल्या वहीत तिच्या नावाने आगाऊ तरतूदही करून ठेवतात. गंमत अशी की हे सगळे दुखणे फक्त पैसे घेणाऱ्याच्या वहीतले आहे. देणाऱ्याच्या वहीत तेच बिल, त्याच वयाचे, ठणठणीत असते. किंबहुना ते जितके जुने होईल तितके दिवस पैसे त्याच्याकडे राहतात. अशा रकमेला आपण थकलेली रक्कम म्हणतो. प्रत्यक्षात रक्कम आरामात पडून असते आणि थकतो तो मागणारा.

या प्रसंगाने माझ्या मनाने एक खोड घेतली. एजिंग हा शब्द जिथे जिथे वापरतात, तिथे तिथे जाऊन त्याचे नियम काय आहेत हे पाहायचे, आणि त्यांतला जो नियम आपल्या सोयीचा असेल तो स्वतःला लावून घ्यायचा. या संशोधनामागे ज्ञानलालसा अजिबात नव्हती. वर्षे तर सरतच होती. त्यांचा कुठे तरी काही मोबदला मिळतो का, एवढेच मला पाहायचे होते.

पहिला दिलासा मिळाला तो एका मित्राकडून. त्याचे सारे आयुष्य धातूंच्या कारखान्यात गेले असून तिथे एजिंग मुद्दाम, वेळापत्रक लावून आणि भट्टीत घालून करत असत. त्याने सांगितलेली हकिकत अशी. 1906 च्या सुमारास जर्मनीत आल्फ्रेड विल्म नावाचे धातुशास्त्रज्ञ अ‍ॅल्युमिनियम कणखर करण्याच्या खटपटीत होते. तांबे आणि थोडेसे मॅग्नेशियम घातलेला मिश्रधातू त्यांनी तापवला आणि झटकन पाण्यात बुडवून थंड केला. पोलादाला अशी वागणूक दिली की ते तत्काळ कठीण होते. हा धातू मात्र मऊच राहिला. शनिवारी काठिण्य मोजण्याचे काम अर्धवट टाकून मंडळी घरी गेली आणि सोमवारी पुन्हा मोजायला बसली, तो तुकडा पहिल्यापेक्षा कितीतरी कठीण झालेला! मधल्या काळात त्याला कोणी हातही लावला नव्हता. याच शोधातून ड्युरॅल्युमिन आले आणि झेपेलिन जातीच्या हवाई जहाजांचे सांगाडे त्याचे होऊ लागले. असे का होते याचा उलगडा व्हायला मात्र 1938 साल उजाडावे लागले. एकमेकांशी संबंध नसलेल्या गिनिए आणि प्रेस्टन या दोघा शास्त्रज्ञांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने दाखवून दिले की घाईघाईत थंड केल्यामुळे जागच्या जागी अडकलेले तांब्याचे अणू पुढे सवडीने एकत्र येतात, त्यांचे अतिसूक्ष्म पुंजके बनतात आणि त्या पुंजक्यांमुळे धातूच्या आतल्या थरांना एकमेकांवरून घसरणे अवघड जाते.

शनिवार-रविवार नुसते पडून राहावे आणि सोमवारी अधिक कणखर होऊन उठावे, हा आदर्श मी जन्मभर डोळ्यांसमोर ठेवला होता; तो गाठला एका मिश्रधातूने. सोमवारी सकाळी माझेही काठिण्य वाढलेले असते, नाही असे नाही, पण ते केवळ मानेत आणि कमरेत.

त्याच मित्राने विमानांच्या रिव्हेटांची, म्हणजे पत्रे जोडणाऱ्या खिळ्यांची, गोष्ट सांगितली, ती तर हेवा वाटावा अशी आहे. ड्युरॅल्युमिनच्या कुळातले काही रिव्हेट उष्णता-प्रक्रियेनंतर थोडा वेळच मऊ असतात आणि तेवढ्या अवधीतच ठोकावे लागतात. तसेच बाहेर ठेवले तर त्यांचे आपोआप एजिंग होऊन ते ठोकण्याजोगे राहत नाहीत. म्हणून वापरण्याची वेळ येईपर्यंत ते थेट शीतकपाटात ठेवतात. थंडीत अणूंची हालचाल मंदावते आणि रिव्हेटाचे तारुण्य टिकून राहते. जागेवर ठोकल्यावर मग तो निवांतपणे प्रौढ होतो. गरज नसताना म्हातारे होऊ नये, यासाठी कोणी आपल्याला असे जपून ठेवले आहे, ही कल्पनाच किती सुखद आहे! आमच्या कार्यालयातही वातानुकूलन भरपूर होते, परंतु त्याचा परिणाम सर्दीच्या पुढे गेला नाही.

या विद्येत एक गोम आहे. भट्टीत साधारण 160 ते 190 अंशांवर धातू काही तास ठेवला की त्याची ताकद वाढत वाढत एका शिखराला पोचते; त्याला ते लोक पीक एज म्हणतात. तिथे धातू बाहेर काढायचा. तो आतच राहिला तर ते सूक्ष्म पुंजके संख्येने कमी होऊन आकाराने जाडजूड होत जातात आणि ताकद उतरणीला लागते. हे झाले ओव्हरएजिंग. मी सावधपणे विचारले, "माणसाचं शिखर कधी येतं रे? म्हणजे माझं आलं की यायचंय?" मित्राने माझ्याकडे, विशेषतः पुंजके जाडजूड झालेल्या भागाकडे, निरखून पाहिले आणि विषय बदलला.

संगणकाच्या क्षेत्रातला एजिंगचा नियम माझ्या भाच्याने सांगितला, आणि त्याइतका न्याय्य नियम मला अन्यत्र आढळला नाही. एका ग्राहक सेवा केंद्राच्या फोनवर मी तेव्हा ताटकळत होतो. आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे, असे एक बाई ठरावीक अंतराने बजावत होत्या आणि मधल्या काळात सनई वाजत होती. भाचा म्हणाला, "मामा, यांच्याकडे एजिंग नाहीये." संगणकात एकाच वेळी अनेक कामे रांगेत असतात आणि प्रत्येकाला प्राधान्यक्रम असतो. वरच्या क्रमाची कामे एकामागून एक येतच राहिली, तर खालच्या क्रमाच्या कामाला कधीच संधी मिळत नाही. शास्त्रात याला उपासमार असेच म्हणतात. त्यावरचा उपाय म्हणजे एजिंग: काम जितका जास्त वेळ थांबेल, तितके त्याचे प्राधान्य हळूहळू वाढवत न्यायचे, जेणेकरून कधी ना कधी त्याचा नंबर लागेलच. संगणकशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत या संदर्भात एक आख्यायिका सांगतात. अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रज्ञान संस्थेतला आयबीएम 7094 हा संगणक 1973 मध्ये बंद केला, तेव्हा त्यात 1967 साली दिलेले एक काम तसेच रांगेत उभे असलेले सापडले म्हणे. ती खरी असो वा नसो, त्या कामाविषयी मला सख्ख्या भावासारखा जिव्हाळा वाटला. नुसते थांबल्याने माणसाचे महत्त्व वाढते ही कल्पना इतकी उदात्त आहे की ती फक्त यंत्रालाच सुचू शकते. आमच्याकडे जो जास्त थांबतो, त्याला थांबण्याची सवय आहे असे धरून चालतात.

भाच्याच्याच क्षेत्रातले दुसरे एजिंग मात्र निर्दय आहे. कार्यालयातले संगणक एकमेकांना जोडणारा जो स्विच असतो, तो कोणता संगणक कोणत्या तारेवर आहे याची एक यादी बाळगतो, आणि एखाद्याकडून काही काळ संदेश आला नाही तर त्याचे नाव यादीतून काढून टाकतो. हा काळ प्रचलित मानकानुसार 300 सेकंदांचा असतो. पाच मिनिटे गप्प बसलात की तुम्ही कोण हेच तो विसरतो. निवृत्त सहकाऱ्यांना विसरायला आमच्या कार्यालयाला त्याहून थोडा अधिक वेळ लागत असे, हे प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे.

सॉफ्टवेअरसुद्धा म्हातारे होते. संगणकशास्त्रज्ञ डेव्हिड पार्नास यांनी 1994 साली या विषयावर लिहिताना त्याची दोन कारणे दिली: जग बदलले तरी सॉफ्टवेअरमध्ये बदल न करणे, आणि त्यात बदल करणे. हे निदान मला इतके पटले आहे की मी ते प्रकृतीची विचारपूस करणाऱ्या प्रत्येकाला ऐकवतो.

एव्हाना त्या संस्थेकडून निरोप आला. नवे आर्थिक वर्ष सुरू झाल्यामुळे जुन्या तारखेचे बिल प्रणालीत घेता येत नाही, तेव्हा कृपया नव्या तारखेचे बिल द्यावे. मी दिले. एका क्षणात ते चौथ्या रकान्यातून पहिल्या रकान्यात आले आणि पुन्हा नवजात झाले. निसर्गाच्या नियमांविरुद्ध असे काही घडू शकते यावर माझा विश्वास बसला नसता. परंतु इलेक्ट्रॉनिक्समध्ये हे रोज घडते. बेरियम टायटेनेटचे सिरॅमिक कपॅसिटर, म्हणजे विद्युतभार साठवणारे छोटे भाग, काळानुसार आपली धारकता, म्हणजे साठवण्याची क्षमता, थोडी थोडी गमावतात, आणि तो ऱ्हासही पहिल्या दहा तासांत जितका, तितकाच पुढच्या शंभर तासांपर्यंत आणि तितकाच हजार तासांपर्यंत, अशा मंदावत जाणाऱ्या गतीने होतो. मग त्यांना 125 अंशांच्या वर काही काळ तापवले की आतली स्फटिकरचना पूर्ववत होते आणि वय शून्यावर येते. घरात ही माहिती उत्साहाने सांगितली तेव्हा, आंघोळीच्या पाण्याच्या तापमानावरून तुम्ही रोज जो गोंधळ घालता तो आधी थांबवा, असे उत्तर मिळाले.

माझ्या सोयीचा नियम अखेर सापडला तो स्कॉच व्हिस्कीत. ती किमान 3 वर्षे ओकच्या पिंपात मुरावी लागते, आणि त्या काळात दरवर्षी साधारण 2 टक्के भाग हवेत उडून जातो, ज्याला देवदूतांचा वाटा म्हणतात. बाटलीत भरली की तिचे वय वाढणे थांबते. खरी मौज पुढे आहे. वेगवेगळ्या पिंपांतल्या व्हिस्की एकत्र केल्या, तर बाटलीवर वय छापायचे ते त्यांतल्या सर्वांत तरुण व्हिस्कीचे, असा नियम आहे. आता माणसाचे शरीरही असे मिश्रणच आहे. दातांवरचे एनॅमल आणि डोळ्यांतल्या भिंगाचा गाभा मूळचाच राहतो हे मान्य. परंतु कातडीचा वरचा थर काही आठवड्यांत बदलतो आणि आतड्याचे अस्तर तर काही दिवसांतच नवे होते. स्कॉचच्या नियमाने पाहिले तर माझे वय जेमतेम एका आठवड्याच्या आत आहे. हा युक्तिवाद मी एका अर्जावरील वयाच्या रकान्यासंदर्भात मांडून पाहिला. खिडकीपलीकडच्या गृहस्थांनी ओळखपत्र मागितले.

जीवशास्त्राकडे मी जाणूनबुजून सर्वांत शेवटी वळलो, कारण तिथे चांगली बातमी मिळण्याची आशा कमी होती. 1961 साली हेफ्लिक आणि मूरहेड यांनी दाखवले की माणसाच्या सामान्य पेशी प्रयोगशाळेत साधारण पन्नासेक वेळा विभागल्या की थांबतात. त्याआधी अनेक वर्षे शास्त्रज्ञ अशा पेशींना अमर समजत होते. 2013 मध्ये संशोधकांनी वार्धक्याची नऊ ठळक लक्षणे निश्चित केली, आणि 2023 मध्ये त्याच संशोधकांनी यादी सुधारली तेव्हा ती बारा झाली. म्हणजे दहा वर्षांत दुखणी वाढतात, हा नियम त्या यादीलाही चुकला नाही.

त्यातल्या त्यात भावला तो बॅटरीचा हिशेब. लिथियम-आयन बॅटरीला दोन प्रकारचे वार्धक्य असते. वापरल्याने, म्हणजे भरण्या-संपण्याच्या आवर्तनांनी येते ते एक, आणि काहीही न करता नुसते कपाटात पडून राहिल्यानेही येते ते दुसरे. उष्णतेत ठेवली किंवा सदैव पूर्ण भरलेली ठेवली तर हे दुसरे अधिक वेगाने येते. गुडघ्यांच्या क्ष-किरण तपासणीच्या अहवालावर "वयोमानानुसार झीज" असे लिहून आले, तेव्हा मी डॉक्टरांना नेमके हेच विचारले की माझी झीज वापराची आहे की पडून राहण्याची; कारण पहिली असेल तर विश्रांती घेता येईल आणि दुसरी असेल तर व्यायाम करता येईल. डॉक्टरांनी फोटो उजेडासमोर धरला, बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, "दोन्ही. जिने कमी चढा आणि चालणं वाढवा."

मी तिसऱ्या मजल्यावर राहतो, हे त्यांना सांगितले. "मग उतरा," ते म्हणाले, "पण वारंवार नको." आणि जरा थांबून पोटाकडे पाहत पुढे म्हणाले, "शिवाय कायम पूर्ण भरून ठेवू नका."