कार्ड भाजण्याआधी केबल तरी बदलून बघा

गेली कित्येक वर्षं एक मजकूर या हातातून त्या हातात फिरतोय. शब्द थोडेफार बदलतात, सांगणं तेच: "जुन्या कम्प्युटरच्या स्क्रीनवर रेघा किंवा रंगीत चौकोन दिसायला लागले, की ग्राफिक्स कार्ड गेलं समजा. फक्त ड्रायव्हर काढल्यावर चित्र साफ झालं, तर दोष ड्रायव्हरचा. कार्ड काढून त्याची सोनेरी पट्टी खोडरबरने घासा. तरी जमलं नाही तर ओव्हनमध्ये २०० अंशांवर दहा मिनिटं भाजा, तुटलेलं सोल्डर वितळून पुन्हा जुळतं. तेही फसलं तर मशीन मोडीत काढा, कारण जुन्या बोर्डात नवं कार्ड चालत नाही."

जुन्या मशिनी उघडून बसायची मला हौस आहे. वर सांगितलेला सगळा क्रम मी एकदा इमानेइतबारे पार पाडलाय, भाजण्यासकट. एकेक मुद्दा घेतो. सगळ्यांना सारखी जागा मात्र देणार नाही, कारण काही मुद्दे नुसते अर्धवट आहेत आणि एक चक्क घातक आहे.

"रेघा दिसल्या, कार्ड गेलं."

कधी कधी गेलेलं असतंच. पण रेघ स्क्रीनवर दिसते म्हणून ती कार्डातूनच आली, असं होत नाही. वाटेत केबल आहे, मॉनिटर आहे, आणि मागे एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा डबा) आणि रॅम आहेत. मॉनिटरपासून सुरुवात करा, कारण त्याला स्क्रू ड्रायव्हरही लागत नाही. मॉनिटरच्या बटणांनी त्याचा स्वतःचा मेन्यू उघडा, ब्राइटनेस वगैरे बदलायचा तो. हा मेन्यू मॉनिटर स्वतः काढतो, कम्प्युटरचा त्यात काही हात नसतो. रेघ मेन्यूच्याही अंगावरून जात असेल, तर संशय पॅनेलवर. मेन्यू स्वच्छ आणि मागचं चित्र फाटलेलं असेल, तर गडबड मॉनिटरच्या अलीकडची. मग केबल बदला. बदलायची म्हणजे बदलायची, काढून तीच पुन्हा खोचायची नव्हे.

दुसरी एक युक्ती मला फार आवडते, कारण ती फुकट आहे. बिघाड दिसत असताना स्क्रीनशॉट घ्या आणि तो दुसऱ्या मशीनवर किंवा फोनवर उघडा. स्क्रीनशॉट म्हणजे कार्डाने तयार केलेल्या चित्राची प्रत. केबल आणि मॉनिटर हे त्याच्या पुढचे टप्पे. रंगीत चौकोन त्या प्रतीतही उतरले असतील, तर चित्र तयार होतानाच बिघडलं: कार्डाची मेमरी, चिप किंवा ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर). प्रत स्वच्छ असेल, तर केबल, मॉनिटर किंवा कार्डाचं बाहेर सिग्नल सोडणारं सर्किट. यातून निकाल लागत नाही, पण कुठल्या बाजूला बघायचं ते कळतं. प्रत त्याच बिघडलेल्या स्क्रीनवर उघडून "यातही रेघा आहेत" म्हणणारे मी पाहिलेत. त्यांना काय सांगावं!

वेगळं कार्ड नसून ऑनबोर्ड डिस्प्ले (मशीनमध्येच अंगभूत ग्राफिक्स) असेल, तर आणखी एक संशयित वाढतो. ऑनबोर्ड ग्राफिक्सला सहसा स्वतःची मेमरी नसते, ते मुख्य रॅममधला तुकडा उसना घेतं. रॅमची एक पट्टी खराब झाली तरी स्क्रीनवर कचरा दिसू शकतो. एकेक पट्टी काढून बघा, रात्रभर मेमटेस्ट (रॅम तपासणारा प्रोग्राम) लावा.

आणि एसएमपीएस. गेम किंवा व्हिडिओ सुरू केला की स्क्रीन काळी पडते, मशीन रिस्टार्ट होतं, बाकी दिवसभर सगळं ठीक: अशा वेळी मी कार्डाकडे नंतर बघतो. १२ व्होल्टच्या लाइनला ५ टक्के सूट असते, म्हणजे ११.४ ते १२.६. लोड असताना मल्टिमीटरवर आकडा त्याखाली गेला तर निकाल स्पष्ट. आकडा बरोबर दिसला म्हणून एसएमपीएस सुटला असं मात्र नाही, कारण क्षणभराची घसरण साधा मल्टिमीटर पकडत नाही. तिथे दुसरा चांगला एसएमपीएस लावून बघण्याला पर्याय नाही.

उष्णतेबद्दल एवढंच, की पंखा फिरतोय का आणि हीटसिंकच्या (चिपची उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या) पात्यांत धुळीचा नमदा बसलाय का, हे पहिल्या पाच मिनिटांत बघा. हवा मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा. आठ-दहा वर्षांच्या कार्डावरची, चिप आणि हीटसिंकमधली पेस्ट वाळून खडू झालेली असते, ती बदलल्यावर काही "मेलेली" कार्डं निमूट चालू लागतात.

एवढं सगळं बघूनही शंका उरली, तर निर्णायक चाचणी एकच: हे कार्ड दुसऱ्या मशीनमध्ये, आणि दुसरं चालू कार्ड या मशीनमध्ये. बिघाड कार्डाबरोबर गेला तर कार्ड दोषी. मेसेजमध्ये हे वाक्य कुठेच नाही.

"ड्रायव्हर काढल्यावर चित्र साफ झालं, तर दोष ड्रायव्हरचा."

हे ऐकायला इतकं तर्कशुद्ध वाटतं की मीही बरेच दिवस मानत होतो. ड्रायव्हर काढला की विंडोज आपला साधा डिस्प्ले ड्रायव्हर वापरतं. त्यात थ्रीडीचं काम कार्डाकडे जातच नाही, चिपचा मोठा भाग रिकामा बसतो, मेमरीचाही जेमतेम कोपरा वापरला जातो. म्हणजे लंगड्या माणसाला खुर्चीत बसवलं आणि म्हटलं, बघा, आता लंगडत नाही. सेफ मोडमध्ये, म्हणजे विंडोज कमीत कमी ड्रायव्हरवर चालवल्यावर, साफ आणि ड्रायव्हर टाकल्यावर कचरा, हे खराब मेमरीचं तर अगदी नेहमीचं लक्षण आहे.

"डिस्प्ले ड्रायव्हर प्रतिसाद देत नव्हता, आता सावरला" हा संदेशही असाच दिशाभूल करतो. व्हिस्टापासून विंडोजमध्ये एक पहारेकरी आहे: ग्राफिक्स चिपने ठरावीक वेळात, मुळात २ सेकंदांत, उत्तर दिलं नाही, तर तो ड्रायव्हर रिसेट करतो. नाव ड्रायव्हरचं येतं. गप्प का बसली ते चिपलाच विचारायला हवं.

उलट बाजूने तपासणं जास्त खात्रीचं. मशीन चालू करताच, विंडोज यायच्या आधी, बायोसच्या (बोर्डातल्या सुरुवातीच्या प्रोग्रामच्या) स्क्रीनवरच अक्षरं तुटकी किंवा ठिपकेदार दिसत असतील, तर विंडोजचा ड्रायव्हर अजून उठलेलाही नाही. मग हार्डवेअरच. चित्रच येत नसेल तर बीप ऐका: अवॉर्ड बायोसमध्ये एक लांब, दोन आखूड म्हणजे डिस्प्लेची तक्रार. आणि मेमरीवर संशय असेल, तर कार्डाच्या मेमरीचा क्लॉक, म्हणजे वेग, थोडा खाली आणा. चौकोन नाहीसे झाले तर चोर सापडला, शिवाय त्या कमी वेगावर जुनं कार्ड आणखी काही काळ ढकलताही येतं.

"सोनेरी पट्टी खोडरबरने घासा."

यात तथ्य आहे, पण श्रेय चुकीच्या माणसाला दिलंय. घासल्यावर चालू झालेल्या बहुतेक कार्डांना खरं तर काढून पुन्हा नीट बसवणंच पुरलेलं असतं. जड कार्ड वर्षानुवर्षं आडवं लटकून स्लॉटमध्ये किंचित तिरकं होतं, स्क्रू ढिला होतो, काढघाल केली की संपर्क पुन्हा जुळतो. खोडरबर खरखरीत असतो. पट्टीवरचा सोन्याचा मुलामा केसापेक्षा अनेक पट पातळ असतो. एकदा घासल्याने आकाश कोसळत नाही, दर महिन्याला घासल्याने खालचं निकेल उघडं पडतं, आणि रबराचा चुरा स्लॉटमध्ये पडतो तो वेगळाच. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सोडणारं कापड पुरे.

"ओव्हनमध्ये भाजा, सोल्डर वितळतं."

इथे थांबायला हवं, कारण हा सल्ला ऐकून लोक खरंच कार्ड भाजतात.

आधी आकडे. सोल्डर म्हणजे भाग बोर्डाला जोडणारा धातू. जुनं शिसं-कथिलाचं सोल्डर १८३ अंशांना वितळतं. युरोपात १ जुलै २००६ पासून इलेक्ट्रॉनिक वस्तूंत शिशावर निर्बंध आले आणि जगभरचे कारखाने बिनशिशाच्या सोल्डरकडे वळले. ते साधारण २१७ ते २२० अंशांना वितळतं. तेव्हा त्यानंतरच्या कार्डाच्या बाबतीत "२०० अंशांवर सोल्डर वितळून जुळतं" हे वाक्य आकड्यांतच चुकतं. २०० अंशांना ते वितळतच नाही.

मग काही कार्डं भाजल्यावर चालतात कशी? माझंही चाललं होतं. ग्राफिक्स चिप बोर्डावर थेट चिकटवलेली नसते. सिलिकॉनचा तुकडा एका छोट्या हिरव्या तळपट्टीवर बारीक सोल्डरच्या टेंगळांनी बसवलेला असतो, आणि ती तळपट्टी खाली मोठ्या गोळ्यांनी बोर्डावर. मशीन तापतं, निवतं, पुन्हा तापतं. सिलिकॉन आणि तळपट्टी वेगवेगळ्या प्रमाणात फुगतात, आणि हजारो फेऱ्यांनंतर एखादं टेंगूळ तडकतं. ओव्हनमध्ये सगळं एकदम तापलं की तडकलेल्या कडा एकमेकींवर दाबल्या जातात आणि तात्पुरता संपर्क होतो. जोड तयार होत नाही, नुसता स्पर्श होतो. तापण्या-निवण्याच्या ज्या फेऱ्यांनी तडा पाडला, त्याच फेऱ्या दुसऱ्या दिवसापासून पुन्हा सुरू. माझं कार्ड तीन आठवडे चाललं. पहिला आठवडा मी सगळ्यांना सांगत सुटलो होतो, बाकीचे दोन आठवडे ते मला उत्तर देत होतं.

टेंगळांचा हा आजार काल्पनिक नाही. जुलै २००८ मध्ये एनव्हिडियाने आपल्या आधीच्या पिढीच्या नोटबुक चिपांतल्या कमकुवत पॅकेजिंगपायी १५ ते २० कोटी डॉलरची तरतूद जाहीर केली होती. त्या काळच्या भरपूर शिसं असलेल्या टेंगळांना वितळायला ३०० अंशांच्या वर जावं लागतं. घरच्या ओव्हनने ती जुळणं शक्यच नाही. अशा चिपवर खरा उपाय म्हणजे चिपच बदलणं, आणि जुन्या कार्डासाठी तो खर्च क्वचितच परवडतो.

याच्या बदल्यात ओव्हन काय करतो ते बघा. कार्डावरच्या इलेक्ट्रोलायटिक कॅपॅसिटरवर बहुधा १०५ अंश छापलेलं असतं. त्याच्या जवळपास दुप्पट तापमानात त्यांच्या आतला द्रव उकळतो, डोकी फुगतात. प्लॅस्टिकचे कनेक्टर वाकतात. खालच्या बाजूचे भाग, सोल्डर वितळलंच तर, गळून पडतात. आणि ज्या ओव्हनमध्ये घरातल्यांचं खाणं शिजतं, त्यात फ्लक्सचा (सोल्डरिंगला वापरलेल्या रसायनाचा) धूर आणि, कार्ड जुनं असेल तर, शिसं. भाजण्याचा प्रयोग करून झाला असेल तर तो ओव्हन पुन्हा खाण्यासाठी वापरू नका, हे मी गंभीरपणे सांगतोय.

"जुन्या बोर्डात नवं कार्ड चालत नाही."

बोर्डावर पीसीआय एक्स्प्रेसचा लांब स्लॉट असेल, तर बहुतेक वेळा चालतं. पहिली आवृत्ती २००३ ची, दुसरी २००७ ची, तिसरी २०१० ची, चौथी २०१७ ची. नवं कार्ड जुन्या स्लॉटमध्ये जुन्या वेगाने बोलतं, एवढाच फरक. त्याआधीच्या एजीपी स्लॉटवाल्या बोर्डाला मात्र हे लागू नाही. तिथे जुनं एजीपी कार्डच शोधावं लागेल, आणि तेही व्होल्टेज जुळणारं.

अडचणी येतात त्या दुसरीकडे. काही स्वस्त नवी कार्डं लांब दिसतात पण वापरतात चारच लेन (डेटाच्या वाटा). जानेवारी २०२२ मध्ये आलेलं रेडिऑन आरएक्स ६५०० एक्सटी त्यातलंच. चौथ्या आवृत्तीच्या स्लॉटमध्ये ते बरं चालतं, जुन्या स्लॉटमध्ये मेमरी भरली की धापा टाकतं. काही नवी कार्डं युईएफआय (बायोसची नवी पिढी) नसलेल्या जुन्या बायोसवर चित्रच दाखवत नाहीत, तेव्हा त्याच मॉडेलच्या बोर्डावर कुणी ते कार्ड चालवलंय का, हे घ्यायच्या आधी शोधा. विंडोज ७ वर अडून बसलेल्यांनी लक्षात घ्यावं, की एनव्हिडिया आणि एएमडी दोघांनीही २०२१ मध्ये तिच्यासाठी नेहमीचे ड्रायव्हर काढणं थांबवलं. मॉनिटर निळ्या व्हीजीए पिनेचा असेल, तर अलीकडच्या कार्डांना तो थेट जोडताच येणार नाही. डीव्हीआयचं भोक दिसलं म्हणून साधा अडॅप्टर घेऊ नका. त्यातून व्हीजीएला लागणारा अ‍ॅनालॉग सिग्नल येतच नसेल तर सिग्नल बदलणारा कन्व्हर्टरच लागतो.

विजेचं गणित सोपं आहे. स्लॉटमधून जास्तीत जास्त ७५ वॅट, सहा पिनांच्या जोडातून आणखी ७५, आठ पिनांच्या जोडातून १५०. जुन्या एसएमपीएसला सहा पिनांचा जोड नसेल, तर साटा पॉवरवरून (हार्ड डिस्कला वीज देणाऱ्या जोडावरून) तो करून देणारे अडॅप्टर मिळतात. साटाच्या जोडाला १२ व्होल्टवर ४.५ अँपिअर झेपतात, म्हणजे ५४ वॅट. उरलेला भार प्लॅस्टिक वितळवतो. अशा मशीनला स्लॉटच्या विजेवरच चालणारं कार्ड घ्या.

बसवायच्या आधी जुना ड्रायव्हर काढून टाका, कॅबिनेटमध्ये लांबी मोजा, प्लग काढून पॉवर बटण दाबून उरलेली वीज जिरवा. आणि पहिल्यांदा चालू करताना मॉनिटरची केबल मदरबोर्डच्या नव्हे, कार्डाच्याच पोर्टला लावलीय ना ते बघा. "नवं कार्डही डेडच आलं" अशा तक्रारींपैकी काही मी ती एक केबल दोन इंच खाली सरकवून मिटवल्यात.