'ओळख म्हणजे वशिला' हा फॉरवर्ड मला अजिबात पटलेला नाही

ग्रुपवर एक फॉरवर्ड फिरतोय, की एमएस्सी-पीएचडीच्या पोरांना कंपनीतल्या लोकांशी जोडून देणं म्हणजे सरळसरळ वशिला, गाईड असताना बाहेरचा मेंटॉर कशाला, आणि इंडस्ट्रीच्या नादाने रिसर्च बिघडतो. तिन्ही मुद्दे चुकीचे आहेत.

आधी वशिला. अहो, ज्याचा काका फार्मात मॅनेजर आहे त्याला ओळखी घरबसल्या मिळतात, पण आसनगावहून लोकलने धक्के खात कलिनाला, मुंबई विद्यापीठात, येणाऱ्या, घरातल्या पहिल्याच ग्रॅज्युएट पोरीला कोण सांगणार की क्यूसीचं, म्हणजे मालाची गुणवत्ता तपासायचं, काम वेगळं आणि प्रोसेस डेव्हलपमेंटचं, म्हणजे माल बनवायची पद्धत बसवायचं, वेगळं? मैत्रिणी सगळ्या तिच्याच लॅबमधल्या, त्यांना तरी काय माहीत. मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने १९७३ मध्येच दाखवलंय, त्याने अमेरिकेत ज्यांना विचारलं त्यातल्या ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी नेहमी भेटणाऱ्या माणसाकडून ती मिळालेले फक्त १६.७ टक्के होते, बाकीच्यांना अधूनमधून नाहीतर क्वचित भेटणाऱ्यांकडून. म्हणजे लांबची ओळखच कामाला येते, आणि ती डिपार्टमेंटने सगळ्यांना करून दिली तर उलट वशिला कमी होतो ना!

रिसर्च बिघडतो म्हणे. माटुंग्याचं यूडीसीटी, म्हणजे केमिकल टेक्नॉलॉजी शिकवणारी, आता आयसीटी म्हणतात ती संस्था, १९३३ ला सुरू झालं तेव्हा त्यात टेक्स्टाईल केमिस्ट्री होती, कारण शहर गिरण्यांचं होतं. तिथला रिसर्च हलका आहे असं म्हणून दाखवा कुणी. आणि साधं उदाहरण घ्या, १ लिटरच्या फ्लास्कमध्ये बर्फात ठेवून छान चालणारी रिअॅक्शन १००० लिटरच्या रिअॅक्टरमध्ये नेली की माल हजारपट होतो पण थंड करायला मिळणारा पृष्ठभाग शंभरपटच वाढतो, उष्णता बाहेर पडत नाही आणि प्लांट धोक्यात येतो. नवी मुंबईतल्या तुर्भे-महापेच्या केमिकल प्लांटवर काम केलेला माणूस हा प्रश्न पहिल्याच भेटीत विचारतो, आणि त्यातून थिसिसचं एक चांगलं चॅप्टर निघू शकतं.

गाईडचं म्हणाल तर थिसिसवर सही त्यांची असते, "सर, मला अॅकॅडमिक्स सोडायचंय" हे त्यांच्या तोंडावर कितीजण बोलतील? बाहेरच्या माणसाशी बोलता येतं.

फॉरवर्डमधली एक भीती मात्र खरी आहे, की कंपन्या पोरांकडून फुकट काम करून घेतील. म्हणून काम किती, पेपर कोणाच्या नावावर, आणि पेटंट करायचं असेल तर अर्ज पेपर छापायच्या आधी, हे सुरुवातीलाच लेखी ठरवून घ्यायला हवं, आणि ते डिपार्टमेंटने करायचं, पोरांवर सोडायचं नाही.