फॉरवर्डमधला डॅशकॅम कोकणात कामाचा नाही

‘चाकरमान्यांनो, गावी निघण्याआधी डॅशकॅम बसवा’ हा मेसेज यंदाही आला. वाडीच्या ग्रुपवर आला, भावकीच्या आला, शाळेच्याही आला. सल्ला थोडक्यात असा: ४के बघूनच घ्या. लेन्स १७० अंशांची घ्या. आत मोठी बॅटरी असलेला घ्या. कार्ड घरात पडलेलं कुठलंही चालतं. पार्किंग मोड चालू केला की गाडीवर रात्रंदिवस पहारा. आणि अपघात झालाच तर क्लिप पोलिसांना व्हॉट्सॲप करा, केस तुमच्या बाजूने.

कॅमेरा बसवा, हे मला पूर्ण मान्य आहे. बाकी सहाही गोष्टींना माझा विरोध आहे. हे वाचून माणसं चांगले पाच-सात हजार घालतात आणि ज्या दिवशी गरज पडते त्या दिवशी हातात काही नसतं. माझ्या हातात नव्हतं.

म्हणून कार्डापासूनच सुरुवात करतो. दोन गणपतींपूर्वी रत्नागिरीला जाताना संगमेश्वरच्या पुढे एक चिऱ्यांचा ट्रक आमच्या गाडीचा उजवा आरसा घेऊन गेला. थांबला नाही. ‘कॅमेऱ्यात आलंय सगळं’ असं मी बायकोला ठामपणे सांगितलं. घरी पोचून कार्ड लॅपटॉपला लावलं तर शेवटची फाइल माणगावच्या बाजारातली. पुढचं काहीच नाही. कार्ड जुन्या मोबाइलमधलं, ३२ जीबीचं. त्यात एक-एक मिनिटाच्या कुलूपबंद फाइल ओळीने बसलेल्या. एक उघडली, खड्डा. दुसरी उघडली, खड्डा. तिसरीत पेव्हर ब्लॉक संपून डांबर सुरू होतं तिथला दणका.

झालं होतं ते असं. डॅशकॅम, म्हणजे पुढच्या काचेवरचा रस्ता टिपणारा कॅमेरा, एक ते तीन मिनिटांच्या तुकड्यांत रेकॉर्ड करतो आणि कार्ड भरलं की सर्वांत जुना तुकडा पुसून त्यावर नवा लिहितो. पण आतल्या जी-सेन्सरला धक्का जाणवला की तो तुकडा अपघाताचा समजून कुलूप लावतो, मग तो पुसला जात नाही. माझा सेन्सर ‘हाय’वर होता. मुंबई-गोवा महामार्गाच्या खड्ड्यांत ‘हाय’वरच्या सेन्सरला प्रत्येक खड्डा अपघात वाटतो. कार्ड कुलूपबंद फाइलींनी भरलं आणि कॅमेऱ्याने रेकॉर्डिंग थांबवलं. छोटा लाल दिवा लुकलुकत असेलही, पावसात समोर बघायचं की दिव्याकडे? त्यामुळे माझ्या यादीत पहिली गोष्ट ही: सेन्सर ‘लो’वर ठेवता आला पाहिजे, कुलूपबंद फाइलींना ठरावीकच जागा असली पाहिजे, आणि रेकॉर्डिंग थांबलं तर कॅमेऱ्याने मोठ्याने ओरडून सांगितलं पाहिजे.

आता ‘कुठलंही कार्ड चालतं’. नाही चालत. फोटो ठेवायचं कार्ड कधीमधी लिहिलं जातं. डॅशकॅममधलं गाडी चालू असेपर्यंत सतत लिहिलं-पुसलं जातं, वरून काचेजवळची उष्णता. यासाठी ‘हाय एन्ड्युरन्स’ म्हणून वेगळी कार्डं मिळतात, तीच घ्यावीत, यू३ (लिहिण्याच्या वेगाचा दर्जा) वेगाची, ओळखीच्या दुकानातून, आणि महिन्याला एकदा कॅमेऱ्यातच फॉरमॅट करावीत. आकारही नीट धरा. ४० एमबीपीएसने (सेकंदाला ४० मेगाबिट) ४के रेकॉर्डिंग तासाला १८ जीबी खातं. म्हणजे ६४ जीबीचं कार्ड साधारण साडेतीन तासांत भरतं. पनवेलला कुणी घासून गेला आणि तुम्ही चिपळूणला पोचून बघायचं म्हणालात, तर ते केव्हाच पुसलं गेलेलं असेल. १२८ जीबीच्या खाली जाऊ नये.

४केचं म्हणाल तर तो आकडा अर्धवट आहे. पुष्कळ स्वस्त कॅमेऱ्यांत चित्र टिपणारा सेन्सर (धक्क्याचा नव्हे) २केचा असतो आणि चित्र ताणून ४के म्हणून लिहिलेलं असतं. खरा ४के असला तरी रात्री प्रश्न ठिपक्यांच्या, म्हणजे पिक्सेलच्या, संख्येचा नसतो, प्रत्येक ठिपक्यावर किती उजेड पडतो याचा असतो. सोनीच्याच दोन सेन्सरची तुलना करा: ८ मेगापिक्सेलच्या आयएमएक्स४१५ चा ठिपका १.४५ मायक्रॉनचा, ५ मेगापिक्सेलच्या आयएमएक्स३३५ चा २ मायक्रॉनचा. रात्रीच्या पावसात, जिथे रस्त्याला दिवे नाहीत तिथे, मी डोळे झाकून दुसरा घेईन. सोनीच्याच नव्या, स्टारव्हिस २ पिढीतला आयएमएक्स६७८ मात्र ८ मेगापिक्सेल असूनही २ मायक्रॉनचा आहे. तो परवडत असेल तर ४के जरूर घ्या. दुकानात ‘किती के’ विचारू नका, ‘सेन्सर कुठला’ विचारा. एचडीआरही बघा, म्हणजे झगझगीत उजेड आणि अंधार दोन्ही एकाच चित्रात दिसतील अशी सोय. कशेडीच्या बोगद्यातून बाहेर पडताना समोरचा उजेड अंगावर येतो तेव्हा साध्या कॅमेऱ्यात काही क्षण नुसता पांढरा पडदा दिसतो.

१७० अंशांची लेन्स ऐकायला भारी वाटते. पण तेवढेच ठिपके जास्त रुंदीवर पसरले की समोरची गाडी बारीक होते. ढोबळ हिशेब सांगतो: मोटारीची नंबरप्लेट अर्धा मीटर रुंद. १० मीटरवरून ती ४के चित्रात १७० अंशांच्या लेन्सने ६५ ठिपक्यांच्या आसपास भरते, १४० अंशांच्या लेन्सने ७८. नंबर वाचता येणं न येणं याच फरकावर ठरतं. घाटातल्या अरुंद रस्त्याला १३०-१४० अंश भरपूर झाले. तरीही रात्री, समोरून दिवे आणि प्लेट चमकणारी, अशा वेळी कुठल्याच कॅमेऱ्याचा भरवसा धरू नका. माइक चालू ठेवा आणि गाडी निसटताना तिचा नंबर, रंग, ट्रक की पिकअप, हे मोठ्याने बोला. आवाज रेकॉर्ड होतो. माझी बायको आता हे माझ्याआधी करते.

मोठ्या बॅटरीचा सल्ला तर धोक्याचाच आहे. मे महिन्यात गुहागरला गाडी उन्हात लावून आम्ही जेवायला गेलो. मेहुण्याचा कॅमेरा आतल्या लिथियम बॅटरीचा. परत आलो तर त्याची पाठ फुगून सांधा उकललेला, स्क्रीन एका बाजूने वर आलेला. बंद गाडीत, पुढच्या काचेला चिकटून, उन्हात तापमान सहज ६० च्या वर जातं, आणि या बॅटऱ्या साधारण तिथपर्यंतच्याच असतात. त्यांच्याऐवजी सुपरकपॅसिटर असलेला कॅमेरा घ्यावा. सुपरकपॅसिटर म्हणजे थोडीशी वीज साठवणारा भाग: गाडी बंद झाल्यावर तो कॅमेरा चालवत राहत नाही, फक्त शेवटची फाइल नीट बंद करण्यापुरती वीज देतो. तेवढीच लागते.

मग पार्किंग मोडचं काय? तो गाडीच्या बॅटरीवर चालतो, हार्डवायर किट, म्हणजे कॅमेरा थेट बॅटरीला जोडणारी वायर, लावून. आपल्या लहान गाड्यांत बॅटरी बहुधा ३५ अँपिअर-तासांची. कॅमेरा ०.३५ अँपिअर खात असेल तर चार दिवसांत हिशेबाने सगळी रिकामी, आणि सेल्फ त्याच्या कितीतरी आधी मारेनासा होतो. गणपतीत गाडी पाच-सात दिवस अंगणातच उभी असते. आणि विसर्जनाच्या पावसात धक्का द्यायला माणसं शोधा! किटमध्ये लो व्होल्टेज कट-ऑफ (बॅटरी उतरली की कॅमेरा बंद करणारी सोय) असेल आणि तो १२ व्होल्टच्या आसपास लावला असेल तरच हा मोड वापरा. घरच्या अंगणात तर बंदच ठेवा.

जागेबद्दल मेसेजमध्ये अक्षरही नाही. कॅमेरा आतल्या आरशामागे, वायपर जिथे पाणी पुसतो त्याच पट्ट्यात हवा, नाहीतर चार महिने नुसते थेंब रेकॉर्ड होतील. स्टिकर कोरड्या काचेवरच लावा.

राहिली व्हॉट्सॲपची गोष्ट. व्हॉट्सॲप व्हिडिओ दाबून लहान करतं, मग त्याचा मूळ फाइलशी मेळ बसत नाही. भारतीय साक्ष्य अधिनियम १ जुलै २०२४ पासून लागू आहे. त्याच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागतं आणि त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाइलवरून काढलेला ओळख-आकडा, लिहायची असते. फाइल एवढीशी बदलली तरी हॅश बदलते. जुन्या कायद्यातही प्रमाणपत्र होतंच. जालन्याच्या २०१४ च्या विधानसभा निवडणुकीवरून खोतकर आणि गोरंट्याल या उमेदवारांचा जो खटला सर्वोच्च न्यायालयात गेला, त्यात २०२० साली न्यायालयाने ते सक्तीचं असल्याचं स्पष्ट केलं. म्हणून जीपीएस असलेला कॅमेरा घ्या, त्याने तारीख-वेळ आपोआप बरोबर राहते. वेगही छापला जातो, तो तुमच्याविरुद्धही जाऊ शकतो, हे धरून चाला. आणि घटना घडली की कॅमेरा बंद करून कार्ड लगेच बाहेर काढा. पोलिसांना दाखवायचं तर प्रत दाखवा, मूळ कार्ड पुन्हा वापरू नका. मी आता आरसीच्या पाऊचमध्ये एक कोरं कार्ड ठेवतो, म्हणजे पहिलं काढलं तरी उरलेला रस्ता रेकॉर्ड होतो.