आठ चाकं आणि एक कडक भाकरी

गेल्या वर्षभरात नळाला पाणी आल्यामुळे मी सात वेळा पडले आहे. दोनदा उजव्या गुडघ्यावर, एकदा कोपरावर, एकदा हनुवटीवर आणि उरलेल्या तीन वेळा, जिथं पडायची सोय निसर्गानंच करून ठेवली आहे तिथं. पतसंस्थेतल्या सहकाऱ्यांना, शेजारच्या वहिनींना, आमच्या डॉक्टरांना मी हेच कारण सांगितलं आणि एकानंही उलट प्रश्न केला नाही. सोलापुरात पाणी येतं ते काही दिवसांआड, आणि आमच्याकडे तर पहाटे. तेव्हा माणूस पाईप घेऊन पळतो आणि पळणारा माणूस पडतो. या कारणाला इथं पुरावा लागत नाही. डॉक्टरांनी तर माझ्या गुडघ्याकडे बघायच्या आधीच विचारलं, "टाकी भरली का पण?"

खरं कारण असं, की मी, वय 43, एका पतसंस्थेत ठेवी सांभाळणारी बाई, शनिवारी संध्याकाळी आणि रविवारी सकाळी पायांत आठ चाकं बांधून दुसऱ्या बायकांना कमरेनं धक्के मारते. याला रोलर डर्बी म्हणतात.

सुरुवात मुलीपासून झाली. तिला स्केटिंगच्या क्लासला घातलं, तिनं तीन महिन्यांत सोडलं, आणि स्केट्स कपाटावर जाऊन बसले. तिचा नि माझा चपलेचा नंबर एकच. घेतलेल्या वस्तूचे पैसे वाया जाऊ नयेत म्हणून आपल्याकडची बाई काय वाट्टेल ते करू शकते. मी पार्किंगमधल्या खांबाला मिठी मारून उभी राहिले. समोरच्या बिल्डिंगमधली एक मुलगी नुकतीच मेलबर्नहून शिकून परत आली होती. तिनं मला पाहिलं आणि म्हणाली, "काकू, तुमचा गुरुत्वमध्य फार छान खाली आहे." माझ्या कमरेविषयी इतकं सभ्य आजवर कुणी बोललं नव्हतं. मी तिथंच गळाला लागले.

खेळ समजायला मला दोन आठवडे लागले, कारण मी बॉल शोधत होते. बॉल नाहीच. अंडाकृती मैदानात दोन्ही बाजूंच्या पाच-पाच जणी एकाच दिशेनं फिरतात. चौघी ब्लॉकर आणि एक जॅमर. जॅमरच्या हेल्मेटवर चांदणीचं टोपडं असतं. तिनं गर्दीतून वाट काढून गोल फिरून परत यायचं आणि मग समोरच्या बाजूची जेवढी माणसं ओलांडली तेवढे गुण. असा एक डाव, म्हणजे जॅम, फार तर दोन मिनिटांचा, आणि असे डाव तीस-तीस मिनिटांच्या दोन भागांत चालतात. संक्रांतीला होम मैदानावरच्या गड्ड्याच्या जत्रेत एका हाताला पोरगं, दुसऱ्या हातात बांगड्यांचं पुडकं, आणि आकाशपाळण्यापासून गेटपर्यंत जी बाई पोचते ती जॅमर. वाटेत ज्या चार जावा-नणंदा आडव्या पसरून कानातलं बघत थांबतात त्या ब्लॉकर. फरक एवढाच, की डर्बीत कोपर मारलं, हातानं ढकललं किंवा पाठीत धक्का दिला, तर तीस सेकंद बाहेर जाऊन बसावं लागतं. गड्ड्यात हा नियम लावला तर सगळं सोलापूर बाहेर बसेल.

हे सगळं मी सासूबाईंना परातीत शेंगदाणे मांडून समजावलं. त्यांनी लक्ष देऊन ऐकलं. मग मी सांगितलं, की जी जॅमर नियमात राहून सगळ्यांत आधी बाहेर पडते, तिला हवा तेव्हा डाव थांबवता येतो. तिनं दोन्ही हात कमरेवर आपटायचे, की पंच शिट्टी फुंकतात.

"कमरेवर हात ठेवले की भांडण थांबतंय?" सासूबाई म्हणाल्या. "आमच्यात तिथनं सुरू होतंय."

मग त्यांनी जॅमरचा शेंगदाणा उचलून खाल्ला.

डर्बीत प्रत्येकीनं एक टोपणनाव घ्यायची पद्धत आहे, जरा दरारा वाटावा असं. आमची मेलबर्नवाली सांगते, तिकडं या नावांत भयंकर कोट्या करतात. आम्ही सातजणी चहा घेत बसलो आणि तासाभरात नावं ठरली. आडव्या बांध्याच्या शिक्षिका आहेत, त्या "डबल चादर". त्यांच्या खालून, वरून, बाजूनं कुठूनही निसटता येत नाही. सगळ्यांत लहान, चपळ नर्स आहे ती "शेंगाचटणी". मी पहिल्याच दिवशी सपाट पडले तेव्हा कट्कन आवाज आला, म्हणून मी "कडक भाकरी". आवाज मोबाइलच्या काचेचा होता, पण नाव चिकटलं. पुढं कळलं की स्केट्सच्या चाकांच्या कडकपणालाही आकडा असतो, 78 म्हणजे मऊ आणि 100 म्हणजे चांगलंच कडक. सोलापूरच्या भाकरीला असा आकडा लावायचा तर मोजायचं यंत्र मोडेल.

नावं दराऱ्याची असली तरी खेळ पहिले दोन महिने हळदीकुंकवाचाच होता.

"तुम्ही व्हा ना पुढं."

"छे छे, तुम्ही व्हा."

"काकू, मला धक्का द्या!" आमची प्रशिक्षक, म्हणजे मेलबर्नवालीच, ओरडायची.

"अगं, लागेल ना तुला."

जिला अहोजाहो करतो तिला कमरेनं उडवायचं कसं, हा प्रश्न या खेळाच्या नियमपुस्तकात कुणी घेतलेला नाही. शेवटी एका शनिवारी चादरबाईंनी मला भिंतीपर्यंत फेकलं आणि माझ्या तोंडातून "सरक की बे!" निघालं. चादरबाई माझ्याहून दहा वर्षांनी मोठ्या. सगळ्या गप्प झाल्या. चादरबाई मात्र खूश होऊन म्हणाल्या, "आत्ता जमलालंय बघ." तेव्हापासून मैदानात बे, बाहेर अहो.

धक्के परवडले, पण फरशी मिळणं महाकठीण. आमच्या पार्किंगला शहाबादी आहे, आणि शहाबादीच्या दोन लाद्यांमधली फट ही चाकांसाठीच बनवलेली असते. चाक अडकतं, माणूस पुढं जातो. मग एका मंगल कार्यालयाचा हॉल विनवण्या करून मिळवला. फरशी काचेसारखी, पण आदल्या दिवशीच्या पंगतीतला जिलबीचा पाक ती पुसणाऱ्याच्या नजरेतून सुटला होता, माझ्या चाकांच्या नाही. शेवटी पूर्व भागात एक बंद पडलेली यंत्रमागाची शेड मिळाली. माग भंगारात गेले, खाली सपाट कोबा उरला. जिथं माग बसवलेले होते तिथं बोल्टांची भोकं होती, ती आम्ही सिमेंटनं बुजवली. पत्र्याखाली मे महिन्यात पारा त्रेचाळीसला टेकला की पापड भाजून निघावा. आणि सगळ्यात वाईट म्हणजे सुताची तुसं. वर्षानुवर्षं तिथं टॉवेल विणले गेले, त्याची रुई अजून भिंतींतून गळते. ती बेअरिंगमध्ये जाऊन बसते आणि चाक फिरायचं थांबतं. आम्ही महिन्यातून एकदा बेअरिंग काढून रॉकेलच्या डब्यात टाकतो. शेडमालक जाता जाता म्हणाला, "माग गेले, पण रुई काढायचं काम काय सुटलं नाही."

याच शेडच्या दारात अव्वा बसते. मालकाची आई, तेलुगू घरातली, सत्तरीच्या पुढची. मांडीवर सूप, सुपात पानं आणि तंबाखू, आणि विड्या वळणारी बोटं. नजर आमच्यावर, बोटं आपली चालूच. डर्बीत नव्या खेळाडूची एक जुनी कसोटी आहे, पाच मिनिटांत सत्तावीस फेऱ्या. माझ्या पहिल्या खेपेला फेऱ्या मोजायला कुणी उरलंच नव्हतं, कारण सगळ्या मला बघून हसत होत्या. पाच मिनिटं झाली तेव्हा दारातून आवाज आला, "चौदा."

अव्वाची मोजदाद चुकत नाही. पंचवीस विड्यांची एक जुडी, हा हिशोब तिच्या बोटांत बसलेला आहे. सत्तावीस म्हणजे तिच्या भाषेत एक जुडी आणि वर दोन. "आज अर्धी जुडी केलीस," "आज जुडीला सहा कमी," अशी माझी प्रगती ती घोषित करते. मेलबर्नवालीनं एकदा तिला मोठ्या उत्साहानं इतिहास सांगितला, की 1935 साली शिकागोत लिओ सेल्ट्झर नावाच्या माणसानं माणसांना दिवसेंदिवस गोल गोल पळवलं, त्यात धडका व्हायला लागल्या, लोकांना धडकाच जास्त आवडल्या आणि त्यातून हा खेळ झाला. आणि मग या शतकाच्या सुरुवातीला टेक्सासमधल्या ऑस्टिनच्या बायकांनी तो नव्यानं उभा केला. अव्वानं विडीला दोरा गुंडाळत विचारलं, "बायकांना पैसे मिळतात का?"

"नाही, अव्वा. हौस म्हणून खेळतात."

"मग कसला मालक तो," असं म्हणून तिनं दुसरं पान उचललं.

पडायलाही शिकावं लागतं. पडताना लहान व्हायचं, हातपाय पसरायचे नाहीत, मुठी आवळायच्या, नाहीतर मागून येणारीची चाकं बोटांवरून जातात. गुडघ्याचे पॅड, कोपराचे पॅड, मनगटाचे पॅड, दातांना गार्ड, डोक्याला हेल्मेट. एवढं अंगावर चढवलं की मी दुचाकीच्या जाहिरातीसारखी दिसते. या पॅडना दोन महिन्यांत असा वास सुटतो, की पहिल्यांदा सासूबाईंनी मोलकरणीला घेऊन माळ्यावर मेलेली घूस शोधली. धुवायचे म्हटलं तर पाणी आलं पाहिजे, आणि पाणी आलं की आधी टाकी, मग पिंप, मग हंडे, मग कपडे. पॅडांचा नंबर लागेपर्यंत नळ सूं सूं करायला लागतो. मी ते गच्चीवर उन्हात टाकते. सोलापूरच्या उन्हानं वास मरतो, पण पूर्ण नाही. कबुतरं आमची गच्ची सोडून गेली, हा एक फायदा.

गेल्या शनिवारी माझी पंचवीस फेऱ्यांची जुडी पूर्ण झाली. अव्वानं उठून दोऱ्याचा एक तुकडा माझ्या मनगटाला बांधला. घरी येऊन मी ह्यांना दाखवला. हे म्हणाले, "छान. पहाटे पाणी आहे, लक्षात आहे ना?"

पहाटे साडेचारला पाणी आलं. मी पाईप घेऊन धावले, मोरीजवळ पाय सटकला आणि मी पडले. लहान झाले नाही, मुठी आवळल्या नाहीत. शिकलेलं सगळं त्या क्षणी पार्किंगमध्ये राहिलं होतं. मनगटाचं हाड चिरलं. डॉक्टरांनी प्लॅस्टर घालताना नेहमीसारखं टाकीचं विचारलं.

तिथून शेडमध्ये गेले तर सहाही जणींच्या नजरा प्लॅस्टरवर.

"काय झालं?"

"पाणी आलं होतं. घाईत घसरले."

कुणी काही बोललं नाही. मग आमची मेलबर्नवाली जवळ आली आणि हळूच म्हणाली, "काकू, खरं सांगा. पुण्याच्या कुणाबरोबर खेळून आलात का?"

मी शपथा घेतल्या. चादरबाईंनी मान हलवली, "असू दे, असू दे. सांगायचं नसेल तर नको." अव्वानं माझ्या मनगटाकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, "ते प्लास्टिकचं घालून पाणी भरायचं की."

आता पाणी यायच्या रात्री मी गुडघ्यांचे पॅड उशाशी घेऊन झोपते. कालपासून सासूबाई हेल्मेट मागतायत. साधं नको म्हणतात, चांदणीचं पाहिजे.